फक्त डावा गाल

आमचे हे शाळेच्या बागेत माळी आहेत, सत्तावीस वर्षं. तण हातानंच उपटायचं, मुळासकट, हा त्यांचा हट्ट. खुरप्यानं मूळ आत राहतं म्हणे. बोटं आणि मनगटं लाल होऊन खाज सुटली, तेव्हा सगळं खापर माझ्या कपड्यांच्या साबणावर फुटलं. मी मुकाट्यानं तीन साबण बदलले. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले आणि विचारलं, "गाजरगवत उपटता का?"

यांनी बक्षीस मिळाल्यासारखी मान डोलावली.

"त्याचीच अ‍ॅलर्जी आहे. अंगाला लागू द्यायचं नाही. पुन्हा उठलं तर बागकाम बंद."

बाग सुटली तर हा माणूस दिवसभर घरात बसून माझं डोकं खाणार, हे मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे यांचा पडलेला चेहरा मला बघवत नव्हता. मी शिवणकाम करते. पडद्याचं उरलेलं जाड कापड घेतलं, आत मऊ अस्तर लावलं आणि कोपरापर्यंत येतील असे हातमोजे शिवले.

पंधरा दिवसांत हात स्वच्छ झाले आणि गाल लाल झाला. फक्त डावा.

"मोजे घालून गाल खाजवता ना?"

"नाही गं."

"मग गवतात लोळता?"

"साठीला आलो मी."

"म्हणूनच विचारते."

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं. गुरुवारी दुपारी मी न सांगता शाळेत गेले, चोर पकडायला. अवजारांच्या खोलीत हे बाकावर आडवे, डाव्या कुशीवर, चक्क घोरत होते. गालाखाली माझे हातमोजे, नीट घडी घालून, गवताच्या हिरव्या डागांनी माखलेले.

मी गदागदा हलवलं. "हे काय चाललंय?"

"मऊ आहेत," हे झोपेतच म्हणाले. "तू शिवलेत ना."

एरवी मी कुणाला बोलायला कमी करत नाही. त्या दिवशी मात्र हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. "बाग राहू दे. मोजे रोज धुवा, आणि यांना एक उशी द्या."

उशी मी रात्रीच शिवली होती. दोन दिवसांनी यांची तक्रार, मोज्यांइतकी मऊ नाही. उसवली आणि तेच अस्तर लावून दिलं. गाल आता साफ आहे, आणि हे सकाळी सातला बागेत असतात.