तिसऱ्या अंकाला मी बसमध्ये होते

आमच्या व्हॉट्सअॅपच्या गटात लातूरचे निम्मे आणि नांदेडचे निम्मे. सगळ्यांना संगीत नाटकाचं वेड, आणि बहुतेक सगळे निवृत्त, म्हणजे भांडायला दिवसभर मोकळे. मी लातूरची. पण कॉलेजला नांदेडला होते, म्हणून दोन्हीकडचे मला आपल्यात धरतात आणि दोन्हीकडचे माझ्यावर संशय घेतात.

गेल्या हिवाळ्यात लातूरच्या एका प्राध्यापकांनी एक फार जुनं नाटक नव्यानं बसवलं. नाव लिहीत नाही. लिहिलं की तेच लोक इथंही भांडायला येतील. पहिला प्रयोग नांदेडला होता. सरांनी जाहिरात गटावर टाकली. वर ठसठशीत अक्षरांत होतं, ‘मराठवाड्यात प्रथमच सर्व पदांसह’.

पाच मिनिटांत नांदेडचे इंजिनिअरसाहेब जागे झाले. धरणखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते गावातल्या जुन्या प्रयोगांच्या नोंदी गोळा करत होते. कोण आलं, कोण गायलं, साथीला कोण होतं. त्याची स्मरणिका ते याच प्रयोगाच्या दिवशी काढणार होते.

“प्रथमच कसं काय सर? आमच्या नांदेडात हे पन्नास वर्षांमागंच झालंय. सगळ्या पदांसह. छापील पुरावा हाय.”

“मग दाखवा की. नुसतं हाय हाय काय करून राहिलात?”

पुराव्याचा फोटो आला. कॉलेजच्या वार्षिक अंकातलं एक पान, नाटकाच्या प्रयोगाचं परीक्षण, खाली टोपणनाव. दोन बोटांनी मोठं करून पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला. लेख माझा होता. टोपणनाव सांगत नाही. त्यात चांदणं आहे आणि वीणाही आहे, एवढं पुरे.

गटात लेखकाविषयी चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, जुने जाणकार गृहस्थ दिसतात. कुणी म्हणालं, भाषेवरून संस्कृतचे प्राध्यापक असावेत. मी त्या वाक्याला अंगठा दिला. एवढी खोडी या वयात माफ असावी.

आता त्या जाणकार गृहस्थाची हकीकत. वय एकोणीस, दोन वेण्या, आणि आपल्याला गाण्यातलं कळतं हा ठाम गैरसमज. प्रयोग दुपारी दोनला ठेवला होता, कारण संध्याकाळी वीज राहील याची खात्री नसायची. शनिवार होता, वसतिगृह सोडून घरी जायचं होतं, आणि अहमदपूरमार्गे लातूरची शेवटची बस साडेपाचला. दुसरा अंक संपायला पाच वाजून गेले. बाई उठल्या, पळत स्टँडवर गेल्या, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि निघाल्या. तिसरा अंक नांदेडात झाला तेव्हा मी लोह्याच्या पुढे शेंगा खात होते.

पण परीक्षण तर कबूल केलेलं. मग जवळच्या हँडबिलावरून लिहिलं. हँडबिलावर ‘सर्व पदांसह’ होतं, म्हणून सर्व पदं झाली. तबल्याला पुण्याच्या एका बड्या वादकाचं नाव होतं, म्हणून तबल्याला ‘पुणेरी नजाकत’ आली. तिसऱ्या अंकात ‘रसिकांच्या नेत्रकडा ओलावल्या’ हेही लिहिलं. कुणाच्या ओलावल्या, देव जाणे. माझ्या बसमधली एक म्हातारी रडत होती, पण तिची कोंबडी सुटली होती.

म्हणजे जाहिरातीवरून लेख, लेखावरून नोंद, आणि त्या नोंदीच्या जोरावर आता दुसऱ्या जाहिरातीशी भांडण. मी गंमत बघत बसले.

गंमत दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी गटातल्या एका शिक्षिकेनं आपल्या वडिलांचा आवाज रेकॉर्ड करून टाकला. वडील नांदेडला तबले मढवायचे. दुकान आता बंद, वय पंच्याऐंशीच्या पुढे.

“सलाम सगळ्यांना. त्या दिवशी तबला मी वाजवलो. मढवलेली जोडी द्यायला गेलतो. पुण्याचे उस्ताद आलेच न्हाईत, गाडी अडकली कुठं तरी. मॅनेजर हात जोडून म्हनले, भाई, बसा. बसलो. अन् तिसऱ्या अंकातली तीन पदं गाळली. हिरोइनचा गळा बसला होता. आता किताब निघतीय म्हनतात. त्यात माझं नाव यावं, बस. एवढंच.”

साहेबांनी उत्तर दिलं, अगदी आदरानं. “चाचा, तुमचा मान मोठाच आहे. पण समकालीन छापील पुरावा वेगळं सांगतो. स्मरणिका शुक्रवारी छापायला जातीय. तोवर लेखी काही असेल तर द्या.”

दुसरा आवाज आला. “साहेब, कागद तबला वाजवतो का? अन् ती नजाकत पुण्याची न्हवती. आमच्या गल्लीची होती.”

गटात दोन-चार हसरे चेहरे उमटले आणि लोक पुन्हा ‘प्रथमच’वर घसरले. नांदेडकरांना नांदेडचाच माणूस चालेना, कारण त्याचं खरं मानलं तर तीन पदं गळत होती आणि लातूरची जाहिरात खरी ठरत होती.

बुधवारी शिक्षिकेनं मला वेगळा निरोप पाठवला. “काकू, तुम्ही तेव्हा नांदेडात शिकत होतात ना? अब्बांना पाहिलेलं कुणी आठवतं का? जेवतानाही तेच बोलून राहिलेत.”

आठवत होतं. इथं मला स्वतःची मजा सोडावी लागते. वादक स्टेजच्या पुढे खाली बसले होते. बायकांच्या बाजूनं त्यांची फक्त डोकी दिसत. तबल्यापाशी पांढरी गोल टोपी होती. मी ती दोन अंक पाहिली, आणि घरी जाऊन हँडबिलावरचं नाव लिहिलं. छापलेलं जास्त खरं वाटलं. शिवाय पुणं म्हटलं की लेखाला वजन येतं, असं त्या वेणीवालीला वाटे.

त्यांना फोन लावला. म्हटलं, “चाचा, तो लेख माझा. तुमची टोपी मला दिसली होती.”

“मग लिहिलं न्हाई कायकू?”

“अक्कल नव्हती.”

“हाव,” ते म्हणाले. “ते दिसतंयच.”

त्याच दुपारी गटावर सगळं लिहिलं. टोपी, हँडबिल, बस, शेंगा. संस्कृतचे प्राध्यापक एका झटक्यात गेले. सर आनंदले, “म्हणजे आमचं प्रथमच खरं!” साहेब चिडले, “ताई, आमची अख्खी नोंद तुमच्यावर उभी होती हो!” मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. “पण तुम्ही तर दोनच अंक पाहिले. तिसऱ्याला तबला कुणी वाजवला, हे तुम्ही कसं सांगणार?”

“मी सांगतच नाही. ते चाचांना विचारा. तिथं मी नव्हते, ते होते.”

शुक्रवारी स्मरणिका छापायला गेली.

प्रयोगाच्या दिवशी मी नांदेडला गेले. चाचा मुलीचा हात धरून आले होते, डोक्यावर तशीच टोपी. जाहिरातीतलं ‘प्रथमच’ तसंच होतं. आता त्यावर कुणी बोलत नव्हतं. मुलीनं स्मरणिका उघडून नोंद वाचून दाखवली. तबला, आणि पुढे चाचांचं पूर्ण नाव. पुण्याच्या उस्तादांसमोर ‘जाहीर, परंतु अनुपस्थित’. तीन पदं गाळल्याचंही होतं, ‘वादकाच्या सांगण्यावरून’. आणि तळाला बारीक अक्षरांत माझं नाव, पुढे कंसात ‘पहिल्या दोन अंकांपुरती साक्ष’. साहेब धरणं बांधत तेव्हाही असेच चोख असावेत.

चाचांनी नोंद पुन्हा वाचायला लावली. मग माझ्याकडे वळले.

“बाई, आज बस किती वाजता?”

“आज मुक्काम आहे.”

“बरं झालं,” म्हणाले, आणि तिसरी घंटा झाली.