दादाची दुसरी बाही

रक्त दिल्यावर दादा कोपराच्या खळग्यात कापूस दाबून बसला होता. वर दंडाला मावशीने बांधलेला काळा दोरा. माझ्या या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. या आजारात कधीकधी शरीरात आतून सूज असते; त्याच्या रक्तात तिच्या खुणा वाढल्यात का, ते डॉक्टरांना पाहायचं होतं.

"या तपासणीतलं नॉर्मल कुणाच्या रक्तावरून ठरवलंय?" मी विचारलं.

"बाहेरच्या देशांतल्या लोकांच्या. आपल्या लोकांचं फारसं तपासलंय कुणी?" डॉक्टर सहज म्हणाले.

डोकंच फिरलं माझं. घरचे म्हणतात बाहेरची बाधा, इथे माप बाहेरचं. आणि हा जिवंत माणूस कुणाच्या खिजगणतीतच नाही!

दादाने दुसरी बाही वर सारली. "मग माझं तपासा ना. हवं तर अजून घ्या."

इतकं स्वच्छ मराठी. तरी डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतायत हे?"