करमरकर काकांचा एफ कॉर्ड

गिटारच्या क्लासला दोन वर्षं काढली म्हणून माणसाला गिटार येतेच असं नाही, पण किस्से मात्र न मागता जमत जातात. माझ्याकडे गाणी तीन आहेत आणि किस्से तीसेक असतील.

सुदामा नगरच्या आमच्या क्लासमध्ये आम्ही तिघंच मोठी माणसं. मी शाळेत गणित शिकवते. रोहित इंजिनिअर, शहराबाहेरच्या राऊहून येतो. आणि करमरकर काका, एका सरकारी ऑफिसात जन्मभर नकाशे काढून रिटायर झालेले. शिकवणारे सौरभ सर आमच्यात सगळ्यात लहान आणि दम मात्र तेच देतात.

सरांचा नियम एकच. डाव्या हाताची बोटं पुढच्या कॉर्डवर पोचोत न पोचोत, उजवा हात खाली-वर चालूच राहिला पाहिजे. "गलत कॉर्ड चालेल, लेट कॉर्ड नै चालणार," ते म्हणतात.

*

डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. हा पॅटर्न माझ्या डोक्यात असा शिरला की भाजी परततानाही झारा तसाच फिरायचा. एकदा युनिट टेस्टला वर्गात बसले होते आणि नकळत पेनाने टेबलावर तोच ताल धरला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आलं. मग शेजारच्या बाकावरून. पाहता पाहता सगळा वर्ग एका लयीत पेपर लिहीत होता.

दारात प्रिन्सिपल मॅडम उभ्या. मी उठले, आता आपली खैर नाही असं वाटलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मिसेस जोशी, पहाड़े भी ऐसे ही याद करवा दीजिए न."

*

रोहितचा हात थांबत नाही, पण त्याला ब्रेकही नाही. सुरुवात आमच्याबरोबर करतो, दुसऱ्या ओळीला पुढे सरकतो आणि तिसऱ्या ओळीला दिसेनासा होतो. एकदा आम्ही अजून गाण्याच्या मध्यात होतो, तर याने गिटार खाली ठेवून पाण्याची बाटली उघडली.

सर भडकले. "रोहित, हे काय आहे?"

"सर, मैं तो पहुँच गया. तुम्ही लोक या न आरामात."

*

काकांचं दुखणं याच्या बरोबर उलटं. कॉर्ड बदलायचा आला की ते थांबायचे. एकेक बोट तारेवर ठेवायचे, वाकून चष्म्यावरून तपासायचे, "हां, बसला" असं मोठ्याने म्हणायचे आणि मगच हात फिरवायचे. पट्टी जुळल्याशिवाय रेघ ओढायची नाही, ही ऑफिसातली सवय. तोवर आम्ही पुढच्या ओळीत असायचो. एफ कॉर्डला तर पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. तिथे रोहित पाणी पिऊन परत यायचा.

आम्ही त्यांना खूप छळलं. त्यांनी "बसला" म्हटलं की आम्हीही कोरसमध्ये "बसला" म्हणायचो. शेवटी सरसुद्धा हेल्मेट घालताना "हां, बसला" म्हणायला लागले.

*

सरांनी काकांना मोबाईलवर तालाची टिकटिक लावून प्रॅक्टिस करायला सांगितलं. काकांनी ती लावली आणि फोन पेपरखाली तसाच ठेवून फिरायला गेले. काकूंना वाटलं नळ गळतोय. प्लंबर आला, त्याने तिन्ही नळांचे वॉशर बदलले. टिकटिक चालूच. शेवटी त्याने पेपर उचलला.

"आंटीजी, नल तो चकाचक हैं. ये अंकलजी लीक हो रहे हैं."

*

काका या वयात क्लासला का आले, ते सांगायला हवं. काकू कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी एक भावगीत म्हणायच्या. पेटीवर साथ करणाऱ्या वहिनी मुलाकडे पुण्याला गेल्या आणि काकूंनी गाणं सोडून दिलं. काकांना ते बघवत नव्हतं. "मी वाजवतो," ते म्हणाले. काकूंनी अट घातली, "मध्येच थांबलात तर मी स्टेजवरून उतरून जाईन." काकू तशा आहेतच.

सहा महिने दोघांची रोज संध्याकाळी घरी प्रॅक्टिस चालली. बाकीचे कॉर्ड हळूहळू न थांबता बदलायला लागले, पण ओळीच्या शेवटी एफ आला की काका थांबून तो लावायचे, "हां, बसला" म्हणायचे आणि काकू पुढची ओळ उचलायच्या. शेवटच्या पंधरा दिवसांत सरांनी काकांना एकट्याला बसवून एफ घासून घेतला. आणि स्टेजवर चढायच्या आधी ताकीद दिली, "काका, 'बसला' मनात म्हणायचं. तोंडातून आवाज नै आला पाहिजे."

गणपतीत आम्ही दुसऱ्या रांगेत. काकूंनी सुरुवात केली, काय गोड गळा आहे हो त्यांचा. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसरीच्या शेवटी एफ होता. मी रोहितचं कोपर घट्ट धरलं. काकांनी खाली पाहिलंही नाही. बोट आडवं पडलं, सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या आणि उजवा हात चालूच राहिला. सरांनी मूठ आवळली. मला तर रडूच आलं.

आणि गाणं थांबलं.

काकू गप्प उभ्या. काकांचा हात आपला डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. एक फेरी गेली, दुसरी गेली. सगळा मंडप बघतोय. काकू हळूच काकांकडे वळल्या, माईक तसाच तोंडाशी.

"अहो, बसला का?"