हा गेम कोणत्या गटातला?

गणपतीतल्या स्पर्धांचं पत्रक आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी चिकटवतात. यंदा रांगोळी, पाककला आणि संगीत खुर्चीच्या खाली एक नवी ओळ होती : मोबाइल गेम. मी नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरले होते, खांद्याला पर्स, हातात रिकामा डबा, आणि ती ओळ वाचून मला खरोखर आनंद झाला. मग पुढचं वाचलं. युवा गट, फक्त मुले : शूटिंग गेम, चौघांची टीम. महिला व मुली : रंगीत चॉकलेट-गोळ्या जुळवण्याचा गेम. तळपायाची आग मस्तकात गेली. लिफ्ट येऊन निघून गेली तरी मी तिथेच उभी होते.

मी आज सेहेचाळीस वर्षांची आहे आणि कॉलेजात असल्यापासून गेम खेळते. तेव्हा तासावर कॉम्प्युटर मिळायचे, शेजारच्या खुर्चीवरची मुलं माझ्या स्क्रीनकडे बघून हसायची. अजूनही कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘या वयात?’ आणि दुसरा, ‘तो गोळ्या जुळवायचा का?’ तुम्हाला कोणत्या प्रकारचे गेम आवडतात, हा साधा प्रश्न मला आजवर एकाही माणसाने विचारलेला नाही. म्हणून न विचारता सांगते. मला पाळीपाळीने खेळायचे स्ट्रॅटेजी गेम आवडतात. एक चाल माझी, एक समोरच्याची. घाई नाही, धडपड नाही. एक सैनिक पुढे सरकवायचा की नाही यावर मी चहा गार होईपर्यंत विचार करते.

अंबडच्या कारखान्यात मी तयार झालेले पार्ट तपासते. भोक बरोबर पडलंय का हे बघायला आमच्याकडे दोन टोकांचं एक गेज असतं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पीस एक तर पास, नाही तर रिजेक्ट. लोखंडाला ते ठीक आहे. पण लोक गेमलाही तेच गेज लावतात. बंदूक दिसली की मुलांचा, रंगीत दिसला की बायकांचा, गाडी दिसली की लहान पोरांचा. अरे, आत काय चाललंय ते तरी बघा!

माझी पद्धत वेगळी आहे. खेळताना आपल्याला काय गमावण्याची भीती वाटते, त्यावरून मी गेमचा प्रकार ठरवते. रेसिंगमध्ये क्षण जातो. शेतीच्या गेममध्ये हंगाम जातो. आणि ज्याला सगळे टाइमपास म्हणतात, त्या गोळ्या जुळवण्याच्या गेममध्ये मोजक्या चाली हातात असतात, त्या संपत येतात तसा घाम फुटतो. म्हणजे तो माझ्या स्ट्रॅटेजीचा सख्खा भाऊ झाला. माझा राग त्या गेमवर नव्हताच. तो आम्हाला वाटून दिला, यावर होता.

आणि खरं सांगायचं तर राग माझ्यासाठीही नव्हता. माझी मुलगी अकरावीत आहे. पत्रकात मुलांसाठी जो शूटिंग गेम लिहिला होता, तोच ती खेळते, आणि अख्ख्या सोसायटीत तिच्याइतका चांगला तो कुणी खेळत नाही. मी दोनदा खेळून बघितला, दोन्ही वेळा मिनिटभरात मेले. मग तिच्या शेजारी बसून बघायला लागले, तर ही बया गोळी फारशी झाडतच नाही. भिंतीआड बसते आणि ऐकते. पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून, गवतातून की फरशीवरून, सगळं तिला कळतं. एकदा म्हणाली, “आई, हा बंदुकीचा गेम नाहीच. कानांचा आहे.” गेमच्या प्रकारांवर याहून शहाणं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

गंमत म्हणजे ती दोन वर्षं आमच्याच सोसायटीतल्या ए विंगच्या तीन मुलांबरोबर खेळत होती. तिने त्यांना आवाजावरून ओळखलं होतं, त्यांना मात्र ही कोण ते ठाऊक नव्हतं. गेममध्ये तिचं नाव घार. माईक कायम बंद. एकदा मामाकडे गेली असताना तिने टाइप केलं होतं, ‘लासलगावला आहे, रेंज नाही.’ तेव्हापासून ती त्यांच्यासाठी लासलगावचा भाऊ झाली. जिंकले की ‘भाऊ एक नंबर’ असे मेसेज यायचे. आम्ही दोघी ते वाचून हसायचो.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे गेले. गृहस्थ मूळचे कळवणचे, मनाने चांगले, पाणी आलं नाही तर स्वतः टाकीवर चढतात. म्हणाले, “वहिनी, बायकांना ठेवलाय ना वेगळा गट.”

“भाऊ, गेम कुठला हे खेळणाऱ्यावरून ठरतं का?”

“तसं नाय. पोरं खेळताना शिव्या देतात. मुलींनी कशाला जायचं त्यात?”

“मग शिव्या बंद करा ना. मुली कशाला बंद करता?”

ते हसले. “लय मनावर घेऊ नका, वहिनी. आता पत्रक छापलंय.”

पत्रक छापलंय! जसं काही ते ताम्रपटावर कोरलं होतं. घरी नवऱ्याला सांगितलं, तर वरणाची वाटी पुढे करत म्हणाला, “एवढं काय त्यात? गेमच तर आहे.” दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

रविवारी दुपारी पार्किंगमध्ये मांडवाशेजारी मोठा टीव्ही लावला. ए विंगच्या तिघांनी चौथा म्हणून कुणाचा तरी मावसभाऊ धरून आणला होता. तो सरळ उघड्यावर चालत गेला आणि मेला. मागोमाग बाकीचेही गेले. माझी मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ओठ चावत होती, बोटांना सकाळच्या रांगोळीचा रंग तसाच होता. “उजवीकडे पावलं होती,” ती पुटपुटली. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. चार खुर्च्या सोडून बसलेल्या, त्या तिघांतल्याच एकाने लिहिलं होतं, ‘भावा, आज तू पाहिजे होतास.’

मी ताडकन उठले. सगळ्यांसमोर सांगणार होते, सेक्रेटरींचं नाव घेऊन सांगणार होते. तिने माझी ओढणी घट्ट धरली.

“आई, नको. कळलं तर टीममधून काढतील मला.”

“काढतील कसे? दोन वर्षं खेळतेस त्यांच्याबरोबर. एकदा तरी बोलायचंस ना!”

तिने माझ्याकडे बघितलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, “तूच सांगितलं होतंस ना, माईक बंद ठेव.”

सांगितलं होतं. चौदाची झाली तेव्हा हेडफोन आणून दिला आणि वर बजावलं : हवं तेवढं खेळ, पण तुझा आवाज कुणाला ऐकू जाता कामा नये. तेव्हा मी स्वतःला फार समजूतदार आई समजले होते. सेक्रेटरींनी पत्रक यंदा लावलं, मी दोन वर्षांपूर्वीच घरात लावून ठेवलं होतं. इतके दिवस जगावर फेकलेला सगळा राग माझ्या अंगावर परत आला, आणि तो योग्य जागी आला होता. महिला गटात मीही नाव दिलं होतं, ते पुकारलं. मी गेले नाही.

संध्याकाळी आरतीला वेळ होता. ती खोलीत खेळायला बसली, मी दाराशी जाऊन उभी राहिले.

“माईक लाव.”

“आता?”

“मी चुकीचं सांगितलं होतं. लाव.”

“ते निघून गेले तर?”

“जाऊ देत,” असं मी पटकन म्हणाले नाही. ते तिचे मित्र होते. “जातीलही,” मी म्हणाले. “तरी तुझं तू ठरव.”

बराच वेळ ती नुसतीच खेळत राहिली. मग एकदम ताठ झाली, काहीतरी ऐकलं असावं. बोट माईकवर गेलं.

“उजवीकडे पावलं आहेत,” ती म्हणाली. “दोघं जण.”

मग हेडफोनमधून फुटका आवाज आला तो मलाही ऐकू आला, “कोण आहे ही?”

“घार,” ती म्हणाली. “बी विंग, तिसरा मजला.”

तिघांतला एक तिथल्या तिथे गेम सोडून गेला. स्क्रीनवर त्याचं नाव पुसट झालेलं मी बघितलं. उरलेल्या दोघांतल्या एकाने घसा खाकरला आणि विचारलं, “उजवीकडे म्हणजे जिन्यात का?”

“जिन्यात,” ती म्हणाली. माईक तिने चालूच ठेवला.