पायलीला चिपटं

करवतीच्या पेट्रोलमधलं तेल मी कमी केलं होतं. मी, स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीवर असताना. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरी तर नाहीच. तिथं माझी ख्याती सरळ माणूस अशी आहे, आणि ती मोडायला मला कधी सवड झाली नाही.

पिंपरीला तेव्हा माळ होता, बाभळी होत्या, आणि त्या माळावर कारखाना यायचा होता. रुपयाचे सोळा आणे अजून चालत होते. जमीन साफ करून द्यायचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं, त्यांच्या स्टोअरमध्ये मी कारकून होतो. झाडं पाडायला त्यांनी परदेशातून पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत मागवली. सोबत इंग्रजी पुस्तिका. ती वाचता येते म्हणून यंत्र माझ्या ताब्यात आलं, आणि लाकूड कळतं म्हणून ते चालवायला निघोजे गावचे मामा आले. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा, पन्नाशीचे, हडकुळे. ते आणि त्यांचा मेव्हणा, दोघांनी मिळून ओढायची मोठी करवत चालवायचे. आसपासच्या गावांत घराचं आढं कापायचं तर ह्याच जोडीला बोलावणं जाई. कंपनीचा महिन्याचा पगार बघून मामांनी जोडी मोडली. मेव्हणा रागावला आणि दुसरा जोडीदार घेऊन तळेगावच्या वखारीत गेला.

ह्या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, त्यावरच आतले भाग ओले राहतात. कमी पडलं तर घासून जाम, जास्त झालं तर धूर. पुस्तिकेत लिहिलं होतं, एका गॅलनला अर्धा पाइंट. खाली बारीक अक्षरांत, हा गॅलन अमेरिकेचा. आमच्या डब्याचा गॅलन विलायतेचा, आणि पाइंटाचं माप स्टोअरमध्ये नव्हतंच. मी दोन दिवस आकडेमोड केली. करवत खोक्यात बसून होती.

तिसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "भाऊसाहेब, कशाचं गणित चाललंय येवढं?"

"पेट्रोल सोळा भाग, तेल एक भाग. पण माप नाही."

"मग पायलीला चिपटं. ह्यात कागूद कशाला लागतोय?"

धान्याच्या मापात पायलीचे चार शेर, शेराची चार चिपटी. सोळाला एक. मी मनात दोनदा मोजून पाहिलं, कुठं चुकतंय का म्हणून. चुकत नव्हतं. ह्याचं मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी घरची पायली आणि पितळी चिपटं आणून स्टोअरच्या खिळ्याला टांगलं. हरायचं नाही म्हणून मी म्हणालो, "सपाट भरा बरं का मामा, शीग लावू नका."

"तेलाला शीग लागतीया व्हय, भाऊसाहेब? शिकून आलात तरी कुठनं?"

हमाल हसले. त्यांतला एक म्हणाला, "मामा, खोबरेल घाला, करवतीला केस येतील."

तेलही मामांनीच पसंत केलं. पिंपात ट्रकचं जाड तेल होतं आणि एका सुबक डब्यात शिवणयंत्राचं पातळ तेल, मधासारखं स्वच्छ. मला डबा आवडला होता. मामांनी दोन्ही अंगठा-बोटात चोळून बघितली. "ह्ये दिसाया गोड हाय. पर बोटाला धरत न्हाई." पुस्तिकेतही जाडच तेल सांगितलं होतं, ते पान मी नंतर वाचलं. चार महिने करवत कुरकुरली नाही. धूर मात्र निघायचा.

मग कंत्राटदारांचे पाहुणे यायचे ठरले. त्यांच्यासमोर एक जुनी चिंच पाडून दाखवायची होती. चिंचवडाच्या शेजारी चिंच पाडायला विलायती यंत्र, हा मान कोणाला सोडवेल? आदल्या दिवशी इंजिनिअर साहेब मला म्हणाले, "पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर जायला नको. बघा काहीतरी." त्यांनी हे मामांना न सांगता मला सांगितलं, ह्यानंच मी फुगलो.

माझा विचार बिनतोड होता. धूर तेलाचा, म्हणजे तेल कमी तर धूर कमी. सकाळी मामा यायच्या आत मी स्टोअर उघडलं आणि पायलीला अर्धं चिपटं घातलं, तेही त्या सुबक डब्यातलं.

मामांनी टाकी भरताना बोट बुडवून चोळलं. "आज पातळ हाय, भाऊसाहेब."

"पुस्तकाप्रमाणे आहे," मी म्हणालो.

पुस्तकापुढे मामा कधी बोलत नसत.

त्या दिवशी धूर खरंच झाला नाही. तेवढं यश निर्विवाद माझं. करवत खोडात अर्ध्यावर गेली, तिचा आवाज चढत चढत बारीक झाला, आणि एकदम खट्ट. दोरी ओढून ओढून मामांच्या तळहाताची साल निघाली, इंजिन हललं नाही; आतून जळालं होतं. पाहुणे सरबत पीत बघत होते. उरलेली चिंच कुऱ्हाडींनी पाडावी लागली. साहेब तरातरा स्टोअरमध्ये आले, मागून पाहुणे, त्यांच्यामागून मामा.

"तेल कुणी मोजलं? आणि हे काय टांगलंय?"

"चिपटं हाय, सायेब."

"धान्य मोजायचं? लाखमोलाच्या मशीनला तुम्ही ज्वारी घालता का?"

पाहुणे हसले. त्यांना हसताना बघून साहेबांचा निम्मा राग उतरला. माणूस सापडला होता. मामा माझ्याकडे हात करून म्हणाले, "भाऊसाहेब सांगत्याल की."

त्यांना खात्री होती. सगळे माझ्याकडे वळले. माझ्या तोंडून एकच वाक्य गेलं:

"जुनी सवय आहे त्यांची."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी तेव्हापासून ह्या वाक्याचं फार कौतुक करत आलो आहे. इतक्या कमी शब्दांत इतका नीच खरेपणा मला पुन्हा जमला नाही.

मामा जरा थांबले. अजून काहीतरी येईल म्हणून थांबले असावेत. मी रजिस्टर सारखं करत होतो. मग त्यांनी खिळ्यावरचं चिपटं काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, पायली काखेत मारली आणि गेले. त्याच दिवशी त्यांचं नाव हजेरीतून कमी झालं. नाव कमी करणारा कारकून मीच.

नवं इंजिन आलं, तेव्हा शिस्त लावल्याबद्दल मला बढती मिळाली. मी पाटी लिहिली, "मिश्रण सोळास एक. प्रमाणित मापानेच मोजावे." काचेचं माप मुंबईहून आलं. त्यात चिपटंभरच तेल मावायचं.

वर्षभरानं चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांपाशी मामा भेटले. वीटभट्टीवर मजुरीला जात होते. करवतीचं काम? एकट्यानं ती करवत ओढता येत नाही, आणि मशीन जाळणाऱ्याचा जोडीदार व्हायला कोण येणार?

"बरं हाय न्हवं, भाऊसाहेब? मशीन चालतीया?"

"चालते."

"तेल किती घालता आता?"

"सोळाला एक."

मामा मोकळं हसले. "म्हंजी पायलीला चिपटंच की!" मीही हसलो. आज त्या हसण्याची लाज बाकी सगळ्याहून जास्त वाटते. तेवढ्यात गाडीवरून त्यांच्या गावचा कुणी ओरडला, "ए चिपट्या, कोन रं ह्ये?"

"कंपनीचं भाऊसाहेब हायती," मामा म्हणाले. "लई सज्जन मानूस."

चिपट्या हे त्यांचं नाव झालं होतं. पुढं ते त्यांच्या घराला चिकटलं, मग सुनांना. अलीकडे चौकशी केली तेव्हा गावातल्या पोरानं "चिपट्याचं घर ना?" म्हणून हात करून दाखवलं. मी त्या वळणावरून स्कूटर परत फिरवली. तिच्याही टाकीत पेट्रोल आणि तेल मीच मिसळून घालतो, अगदी बरोबर.

मामा अजून आहेत. कमी दिसायला लागलंय, ऐकू चांगलं येतं असं कळलं. निघोज्याच्या पारावर, त्यांना चिपट्या म्हणणाऱ्या माणसांसमोर आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मला सांगायचं आहे की मामांचं माप बरोबर होतं आणि यंत्र मी जाळलं. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.