दुधात मळलेल्या दशम्या

माझ्या शेजारच्या खोलीतल्या मावशी आधी वास घेतात, मग बोलतात. आम्ही दोघी बारामतीत डाळिंबाच्या शेडवर कामाला. तिथंही फळ डोळ्यांआधी त्यांच्या नाकाशी जातं. बोलणं मोजकंच, आणि सुरुवात कायम 'बघ पोरी' अशी.

चैत्रात शेडवरच्या बायकांची भिगवणला पाण्याकाठी अंगतपंगत ठरली. प्रत्येकीनं आदल्या दिवशी काहीतरी करून ठेवायचं. मी यवतमाळकडची, सातवीत शाळा सोडलेली. माझ्या हातचं कोणी खाईल का, हीच धास्ती. संध्याकाळी धपाटे केले, चवीसाठी पातीचा कांदा मूठभर जास्तच घातला. मावशी दारात थांबल्या, वास घेतला आणि आपल्या खोलीत जाऊन दुधात पीठ मळायला बसल्या. मावशी दशम्या फडक्यावर पसरतात, वाफ पुरती गेल्याशिवाय डब्यात भरत नाहीत.

भिगवणला मी डबा उघडला, तर कांदा उष्म्यानं आंबलेला. मावशींनी कुणी बघायच्या आत तो डबा पिशवीत सारला आणि दशम्यांचा दुसरा डबा माझ्यापुढं ठेवला. म्हणजे आदल्या संध्याकाळीच त्यांनी दोन डबे भरले होते!

"कुणी केल्यात गं? लोण्यावानी मऊ हायत!" एकीनं विचारलं.

"आमी दोघींनी," मावशी म्हणाल्या.

परतताना मी हळूच विचारलं, "मावशी, कालच कळलं होतं, तर सांगितलं का नाही?"

"बघ पोरी, सांगितलं असतं तर तू झोपली असतीस व्हय?"