जहाजातली एकच खाट

बंदरावरच्या कचेरीत साहेबांना काम एकच होतं. परमुलखात आजारी पडलेल्या आपल्या खलाशांना मायदेशी जाणाऱ्या जहाजावर चढवून द्यायचं. कप्तान नाही म्हणाला तर त्याला हुकूम सोडायचा अधिकारही सरकारने दिला होता. साहेबांनी तो जपून कडीकुलपात ठेवला होता. शिपायावर डाफरणारे साहेब कप्तान खेकसला की भिजल्या मांजरासारखे व्हायचे. "जागा नाही म्हणतो तो. मी तरी काय करू?" असं आजाऱ्याला सांगून हात झटकायचे आणि दुपारी खुर्चीतच घोरायचे. असल्या माणसाला झोप लागते तरी कशी, देव जाणे.

त्या आठवड्यात जहाजावरचा एक आचारी आला. छातीच्या दुखण्याने पार खंगला होता. थंडीच्या आत घर गाठलंस तर वाचशील, असं डॉक्टरने त्याला बजावलं होतं, आणि थंडीआधीचं शेवटचं जहाज धक्क्याला लागलेलं होतं.

"बायकोला कळवलंय साहेब, येतोय म्हणून."

"बघू," साहेब म्हणाले.

आणि नवल म्हणजे, दुसऱ्या दिवशी ते खरंच जहाजावर गेले. त्यांच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. रात्री एका व्यापाऱ्याकडे फुकटच्या जेवणावर आडवा हात मारला होता, दुसरं काही नाही. पण साहेबांना डोळ्यांसमोर मरण दिसू लागलं होतं.

"एकच खाट आहे आणि ती मी द्यायचा नाही," कप्तान म्हणाला.

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. कायदा घडाघडा म्हणून दाखवला. "आजाऱ्याला नाकारलंत तर तुमचा परवाना जाईल." कप्तान मुकाट्याने बाजूला झाला. इतकी वर्षं हा आवाज कुठे शेण खात होता, हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं. मग साहेबांनी हुकूम लिहिला आणि आजारी म्हणून स्वतःचंच नाव घातलं.

जहाज सुटायच्या वेळी आचारी बोचकं घेऊन धक्क्यावर आला, तेव्हा शिपायाने त्याला खाट साहेबांनीच घेतल्याचं सांगितलं. साहेब पोट धरून शिडीकडे निघाले होते.

"तुमचं दुखणं जास्त दिसतंय," आचारी म्हणाला. थोडा वेळ खोकत राहिला. "जा तुम्ही. गरम पाणीच प्या आज. आणि तेवढा बायकोला निरोप द्या माझ्या. उशीर होईल म्हणावं."

"देईन की," साहेब म्हणाले आणि शिडी चढून गेले. ती राहते कुठे, हे त्यांनी विचारलं नाही.